परदेशात बस्तान बसवताना: समलैंगिक व उभयलैंगिक विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

परदेशात शिकायला गेलेले समलैंगिक आणि उभयलैंगिक विद्यार्थी अडचणीत येतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे चुकलेला क्रम असतो. इतकी वर्षे मनात दाबून ठेवलेले सगळे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात बोलून टाकावेसे वाटते. पण त्या वेळी भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर असतो, शुल्काचा पुढचा हप्ता घरून यायचा असतो आणि विम्याच्या अर्जावर तातडीचा संपर्क म्हणून वडिलांचा क्रमांक लिहिलेला असतो. काही जण याच्या अगदी उलट चूक करतात आणि दोन-दोन वर्षे कोणालाही काही न सांगता, डॉक्टरकडेसुद्धा न जाता काढतात. खालील टप्पे या दोन्ही चुका टाळण्यासाठी लावले आहेत. कागद, पैसा, छप्पर आणि उपचार या चार गोष्टी कोणी रागाच्या भरात काढून घेऊ शकते, म्हणून त्या आधी स्वतःच्या ताब्यात आणाव्यात आणि त्यानंतर स्वतःबद्दल सांगायला लागावे. सांगणे महिनाभर लांबले तर फारसे काही बिघडत नाही. सांगितलेले मात्र परत घेता येत नाही.

हा लेख लैंगिक कलापुरता मर्यादित आहे. ट्रान्स विद्यार्थ्यांपुढे पासपोर्टवरील नाव, लिंगनोंद आणि संप्रेरकांचे उपचार असे वेगळे प्रश्न असतात. त्यांना स्वतंत्र लेखच हवा.

## टप्पा १: अर्ज करण्याआधी कायदा तीन पातळ्यांवर तपासा

‘तिकडे सगळे चालते’ एवढ्या ऐकीव माहितीवर देश निवडू नये. तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: समलिंगी संबंध तिथे गुन्हा आहेत का, नोकरी, घर आणि शिक्षण यांत भेदभाव झाल्यास कायद्याचे संरक्षण आहे का, आणि नात्याला कायदेशीर मान्यता आहे का. या तिन्हींची उत्तरे एकाच दिशेची असतील असे धरून चालणे ही या टप्प्यातील मुख्य चूक आहे. सिंगापूरने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम रद्द करण्याचा कायदा २०२२ मध्ये केला, पण त्याच वेळी घटनादुरुस्ती करून विवाहाची स्त्री-पुरुष ही व्याख्या न्यायालयीन आव्हानापासून सुरक्षितही केली. जपानमध्ये असे संबंध गुन्हा नाहीत आणि अनेक नगरपालिका जोडप्यांना प्रमाणपत्र देतात, तरी देशपातळीवर समलिंगी विवाहाला मान्यता नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये २०१० च्या समानता कायद्याने लैंगिक कलाला नोकरी, शिक्षण आणि सेवा या सर्व ठिकाणी संरक्षण दिले आहे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालामुळे नोकरीतील भेदभाव बेकायदा ठरला, मात्र इतर बाबतींत राज्यागणिक फरक पडतो. त्यामुळे तिथे देशाबरोबरच राज्याचाही कायदा पाहावा लागतो.

साठाहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही दंडनीय आहेत. त्यांपैकी युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात काही परिस्थितींत मृत्युदंडाचीही तरतूद आहे. रशियात नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एलजीबीटी चळवळ’ (समलैंगिक, उभयलैंगिक आणि ट्रान्स लोकांची चळवळ) अतिरेकी ठरवली आणि त्यानंतर इंद्रधनुषी कर्णफुलांवरूनही एका व्यक्तीला कोठडी झाली. युरोपीय संघाचा सदस्य असलेल्या हंगेरीनेही २०२५ मध्ये प्राइड मोर्चावर बंदी घालता येईल आणि सहभागी झालेल्यांना चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेने हुडकता येईल असा कायदा केला. एखादा प्रदेश एकूण उदार मानला जातो म्हणून त्यातला प्रत्येक देश तसाच असेल, असे गृहीत धरू नये.

कायदा पाहून झाला की संस्था पाहावी. धार्मिक संस्थांनी चालवलेल्या काही विद्यापीठांच्या आचारसंहितेत समलिंगी नात्यांना मनाई असते, आणि अमेरिकेत अशा संस्थांना लिंगभेदविरोधी शिक्षण कायद्यातून सूटही मिळू शकते. प्रवेशाची रक्कम भरण्याआधी विद्यार्थ्यांची नियमपुस्तिका उघडून ‘आचरण’ आणि ‘निवास’ ही दोन प्रकरणे पूर्ण वाचावीत. माहितीपत्रकावरील इंद्रधनुषी झेंड्यापेक्षा त्या दोन प्रकरणांतून जास्त कळते.

इशारा: प्रवेशासाठी लिहायच्या निबंधात अनेक जण आपल्या लैंगिकतेबद्दल मनापासून लिहितात. प्रवेश समितीपुरते पाहिले तर त्यात काही वावगे नाही. परंतु तो निबंध सल्लागार तपासतो, एखादा नातेवाईक ‘भाषा सुधारून’ देतो आणि अर्जाच्या खात्याचा पासवर्ड घरात सर्वांना ठाऊक असतो. हा सगळा मार्ग डोळ्यांसमोर आणून मगच काय लिहायचे ते ठरवावे.

पडताळणी: इल्गा वर्ल्ड या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या माहितीसाठ्यात देशवार कायद्यांची नोंद मिळते. तिथे पाहिलेला कायदा आजही लागू आहे का, हे अलीकडच्या बातम्यांवरून ताडून घ्यावे. विमान बदलण्याचा देशही याच यादीत तपासावा. कतार आणि संयुक्त अरब अमिराती इथे समलिंगी संबंध दंडनीय आहेत, आणि लांब पल्ल्याच्या अनेक प्रवासांत विमान तिथेच बदलावे लागते.

## टप्पा २: निघण्याआधीचे सहा महिने

सहा महिने हा आकडा लसींमुळे आला आहे. हेपटायटिस बी लसीचे नेहमीचे तीन डोस पहिला, मग एक महिन्याने आणि मग सहा महिन्यांनी असे असतात. हेपटायटिस ए लसीच्या दोन डोसांतही सुमारे सहा महिन्यांचे अंतर राहते. एचपीव्ही (लैंगिक संबंधांतून पसरणारा आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा विषाणू) याची लस राहिली असेल तर तीही याच काळात घ्यावी. डॉक्टरांना वेगळे कारण सांगण्याची गरज पडत नाही, ‘शिकायला परदेशी जायचे आहे’ एवढे पुरते. निघायला महिनाच उरला असला तरी पहिला डोस घेऊन निघावे आणि लसीची नोंद बरोबर न्यावी, म्हणजे पुढचे डोस तिकडे पूर्ण करता येतात.

पासपोर्ट, गुणपत्रिका, जन्मदाखला आणि कर्जाची कागदपत्रे मूळ स्वरूपात स्वतःजवळ ठेवावीत, आणि त्यांच्या प्रती ज्याचा पासवर्ड फक्त तुम्हाला माहीत आहे अशा खात्यात साठवाव्यात. हमखास राहून जाते ते खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेल्या क्रमांकाचे. तो क्रमांक घरच्यांचा असेल, तर पासवर्ड कितीही गुप्त असला तरी खाते व्यवहारतः त्यांचेच असते.

त्यानंतर फोन हाती घ्यावा. कुटुंबाने मिळून वापरलेली खाती, आपोआप भरत जाणारे सामायिक छायाचित्रसंग्रह, ठिकाण कळवणारी सोय, संपर्कयादीवरून ‘ओळखीची माणसे’ सुचवणारी सोय आणि बंद पडद्यावरही संदेशाचा मजकूर दाखवणाऱ्या सूचना, या पाच गोष्टी एकेक करून तपासाव्यात. माझ्या मते आजवर ठरवून सांगितलेल्यांपेक्षा या पाच सोयींमुळे नकळत उघड झालेल्यांची संख्या कमी नसावी.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी व्हिसाचा अर्ज भरण्याआधीच त्या देशाचे वास्तव्याचे नियम पाहावेत. अमेरिकेने प्रवेशबंदी २०१० मध्ये उठवली. रशियासारखे काही देश मात्र दीर्घ वास्तव्यासाठी एचआयव्ही चाचणी मागतात आणि निकालावरून परदेशी नागरिकाला राहू देण्यास नकार देतात. शक्यतो तीन महिन्यांची औषधे, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत न्यावीत. मोठे सामान दुसऱ्याच गावी पोहोचण्याचे प्रकार घडत असतात आणि औषधात खंड पडून चालत नाही.

## टप्पा ३: पहिले तीस दिवस फक्त पाया घालण्यासाठी

या महिन्यात कोणाला काही सांगायचे बंधन स्वतःवर घालू नये. चार कामे करायची आहेत, आणि ती याच क्रमाने करावीत.

1. तातडीचा संपर्क बदलणे. विद्यापीठ, विमा आणि वसतिगृह या तिन्ही ठिकाणी हा रकाना असतो. घरच्यांचे नाव ठेवायचे असेल तर कोणत्या कारणासाठी फोन केला जातो ते विचारून घ्यावे. नको असेल तर विश्वासू मित्राचे किंवा मैत्रिणीचे नाव, आधी परवानगी घेऊन, द्यावे. अमेरिकेत विद्यापीठातील नोंदींवर विद्यार्थ्याचाच हक्क असतो, तरी करासाठी आईवडिलांवर अवलंबून असल्याची नोंद असल्यास त्यांना माहिती देण्याची मुभा संस्थेला असते.

2. स्वतःच्या एकट्याच्या नावाचे बँक खाते. शुल्काचे पैसे घरून येत असतील तरी ते या खात्यात यावेत. या खात्यात तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हळूहळू साठवण्याचे लक्ष्य ठेवावे, कारण चौथ्या आणि आठव्या टप्प्यातील निर्णय त्या रकमेवर अवलंबून आहेत.

3. छप्पर. येताना ठरवलेले घर बहुधा आपल्याच देशातील मुलांबरोबरचे असते आणि पहिल्या महिन्यापुरते ते सोयीचेही असते. धोका आहे तो त्या घरात पोटभाडेकरू म्हणून वर्षभर अडकून पडण्यात. करार दुसऱ्याच्या नावावर असेल, तर एका वादावादीनंतर आठवड्याभरात बाहेर पडावे लागू शकते आणि अनामत रक्कमही अडकते. करारात स्वतःचे नाव असावे, नोटिशीची मुदत लिहिलेली असावी आणि अनामत कोणाकडे आहे हे कागदावर असावे. अनेक विद्यापीठांत एलजीबीटी विद्यार्थ्यांसाठी किंवा सर्व लिंगांसाठी खुली अशी निवासव्यवस्था असते. तिची यादी वेगळी असते आणि अर्जाची मुदतही बऱ्याचदा लवकर संपते. खासगी घर पाहताना ‘तुम्हाला समलैंगिक चालतात का’ असे विचारणे ओळख नसताना जोखमीचे ठरते. त्याऐवजी ‘पाहुणा रात्री मुक्कामाला राहिला तर चालेल का, कोणालाही चालेल का’ असे विचारावे. उत्तराच्या शब्दांपेक्षा त्यानंतर जे उलट प्रश्न येतात त्यांवरून घर कसे आहे ते समजते.

4. डॉक्टर आणि विमा. नोंदणी आजारी पडण्याआधी करावी. दाव्याची पत्रे कोणाच्या पत्त्यावर आणि कोणत्या ईमेलवर जातात, हे विमा कंपनीला विचारून घ्यावे.

पडताळणी: आज रात्री घर सोडावे लागले तर पासपोर्ट, पैसे आणि फोन घेऊन कुठे जाल, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत असेल तर पुढच्या टप्प्याकडे वळावे.

## टप्पा ४: सांगण्याची यादी करा, घोषणा करू नका

स्वतःबद्दल सांगणे ही एकदाच होणारी घटना आहे, असे समजल्याने बराच गोंधळ होतो. प्रत्यक्षात प्रत्येक नव्या माणसापुढे तो निर्णय नव्याने घ्यावा लागतो. म्हणून एका कागदावर माणसांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: या व्यक्तीला सांगून मला काय मिळेल, ही व्यक्ती आणखी कोणाकोणाला ओळखते, आणि ती बिथरली तर माझे काय हिरावू शकते. (यादी तयार झाली की कागद फाडून टाकावा.)

या यादीत पहिली येतात ती ज्यांच्यावर गोपनीयतेचे व्यावसायिक बंधन आहे अशी माणसे: डॉक्टर आणि विद्यापीठाचे समुपदेशक. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत ‘गोपनीयता कुठे संपते’ हे विचारावे. जिवाला धोका दिसल्यास त्यांना इतरांना कळवावे लागू शकते, पण लैंगिक कल हे तसे कारण नसते. त्यानंतर घरच्या वर्तुळाशी ज्यांचा काहीही संबंध नाही असे नवे मित्रमैत्रिणी येतात. सहनिवासी, संशोधनाचे मार्गदर्शक आणि नोकरीतील वरिष्ठ यांचा क्रम त्याहून खाली आहे, कारण त्यांच्या हाती अनुक्रमे तुमचे घर, तुमची पदवी आणि तुमचा पगार असतो. मार्गदर्शकाला सांगण्याची अनेकदा गरजच नसते. सांगायचे झाल्यास जोडीदाराचा उल्लेख बोलण्याच्या ओघात करावा आणि पुढे निघून जावे. त्यासाठी वेळ मागून समोर बसले की साध्या गोष्टीला सुनावणीचे रूप येते.

सर्वांत शेवटी स्वदेशातील ओळखीची मंडळी येतात. त्यांची मने लहान असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण तिथून बातमी घरी पोहोचायला एका संदेशाचा अवधी पुरतो, आणि सांगणाऱ्याचा हेतू पुष्कळदा काळजीचाच असतो. एखाद्याला सांगताना ‘हे तुझ्यापुरते ठेव’ एवढे मोघम बोलू नये. ‘आपल्या गटातील कोणालाही, आणि घरी कोणालाही, मी स्वतः सांगेपर्यंत सांगू नकोस’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

उभयलैंगिक विद्यार्थ्यांची अडचण थोडी वेगळी आहे. जोडीदार भिन्नलिंगी असेल तर लोक त्यांना स्ट्रेट धरतात, समलिंगी असेल तर गे धरतात, आणि दोन्ही वर्तुळांत ‘अजून ठरलेले दिसत नाही’ असा शेरा मिळतो. घरच्यांना सांगताना तर ‘मग मुलगाही चालतो, मुलगीही चालते, तर रूढ मार्गच का नको’ हा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. त्याचे उत्तर आधी तयार ठेवावे आणि ते छोटे असावे: मला कोण आवडू शकते हे मी सांगितले आहे, कोणाबरोबर राहायचे ते मी ठरवेन. आधीच्या नात्यांचे दाखले देऊन उभयलैंगिक असल्याचे सिद्ध करत बसू नये. तो पुरावा कोणालाही कधीच पुरेसा वाटत नाही.

इशारा: दारूच्या नशेत, भांडणात किंवा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सांगू नये. सांगितल्यानंतर दोन दिवस हाताशी मोकळे असावेत.

## टप्पा ५: माणसे शोधा

विद्यार्थी संघटनेचा एलजीबीटी गट हे बहुतेक विद्यापीठांतील सोपे दार आहे. पहिली भेट बहुधा निराश करते: सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात, विनोद कळत नाहीत आणि कार्यक्रम बारमध्ये असतो. तीन वेळा जाऊन मगच मत बनवावे. तोही जमला नाही तर कामाभोवती जमणारे गट पाहावेत. गायनवृंद, धावणे, गिर्यारोहण, वाचन यांचे समलैंगिक गट अनेक मोठ्या शहरांत असतात, आणि हाताला काम असले की बोलणे सोपे जाते.

कार्यक्रमाच्या छायाचित्रांबद्दल आयोजकांना आधीच सांगून ठेवावे. छायाचित्र प्रसिद्ध झाल्यावर काढायला लावणे हा दुय्यम उपाय आहे, कारण तोवर ते कोणी जतन केले हे कळत नाही.

## टप्पा ६: ॲप आणि प्रत्यक्ष भेटी

डेटिंग ॲपवरचे ‘अमुक मीटर अंतरावर’ हे आकडे निरुपद्रवी वाटतात. पण तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजलेले अंतर नकाशावर जुळवले की माणसाचे ठिकाण बरेच नेमके काढता येते, हे संशोधकांनी वारंवार दाखवून दिले आहे. अंतर दाखवण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी. ग्राइंडर या समलैंगिक व उभयलैंगिकांच्या डेटिंग ॲपने वापरकर्त्यांची माहिती योग्य संमतीशिवाय जाहिरातदारांना दिली म्हणून नॉर्वेच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये त्या कंपनीला साडेसहा कोटी नॉर्वेजियन क्रोनरचा दंड केला. तेव्हा ॲपमध्ये जे भरायचे ते उद्या तिसऱ्याच्या हाती गेले तर चालेल का, असे विचारून भरावे.

ॲपसाठी वेगळा ईमेल वापरावा. समाजमाध्यमांवर लावलेले छायाचित्र इथे लावू नये, कारण छायाचित्रावरून उलटा शोध घेऊन पूर्ण नाव मिळते. भेटण्याआधी छोटा व्हिडिओ कॉल करावा. पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी घ्यावी, परतीचे वाहन स्वतःचे असावे आणि एका व्यक्तीला ठिकाण व परतण्याची वेळ कळवलेली असावी. संमतीचे वय देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये ते १६ आहे, कॅलिफोर्नियात १८. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी स्वतःचे आणि समोरच्याचे वय या मोजमापाने पाहावे.

भेटींमध्ये अमली पदार्थ समोर येऊ शकतात, म्हणून दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. ‘जी’ नावाने मिळणारे द्रव दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. आणि पॉपर्स (नशेसाठी हुंगायचे रसायन) व सिल्डेनाफिल (व्हायग्रातील औषध) एकत्र घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीवर घसरतो. कोणी बेशुद्ध पडल्यास तातडीची सेवा लगेच बोलवावी. व्हिसाच्या भीतीने थांबू नये.

खासगी छायाचित्रांवरून कोणी पैसे मागितले तर: पैसे देऊ नयेत, कारण पहिल्या रकमेनंतर मागणी थांबत नाही, वाढते. उत्तरे देणे बंद करावे, पण संभाषण पुसू नये. खात्याचे नाव, संदेश आणि पैसे मागितलेल्या खात्याचा तपशील यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत, मग खाते रोखावे आणि तक्रार करावी. स्टॉपएनसीआयआय या सेवेवर १८ वर्षांवरील व्यक्ती आपल्याच फोनवर छायाचित्राचा डिजिटल ठसा तयार करू शकतात. मूळ छायाचित्र कुठेही पाठवावे लागत नाही, आणि सहभागी समाजमाध्यमे त्या ठशाशी जुळणारी छायाचित्रे शोधून अडवतात.

## टप्पा ७: आरोग्याचे वेळापत्रक

इथे वेळेचे गणित चुकले की नुकसान होते, म्हणून आकडे लक्षात ठेवावेत.

पेप म्हणजे धोक्याच्या संबंधानंतर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायची औषधे. ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितके चांगले, आणि २८ दिवस पूर्ण घ्यावी लागतात. घटना शनिवारी रात्री घडली तर सोमवारी दवाखाना उघडेपर्यंत थांबू नये; रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन ‘पेप हवे आहे’ असे याच शब्दांत सांगावे. हा विभाग कुठे आहे हे तिसऱ्या टप्प्यातच पाहून ठेवलेले बरे.

प्रेप म्हणजे आधीपासून घ्यायचे औषध. ते सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही, मूत्रपिंडाचे कार्य आणि हेपटायटिस बी यांच्या चाचण्या होतात, आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी असते. इंटरनेटवरून गोळ्या मागवून चाचण्या वगळणे ही नेहमीची आणि गंभीर चूक आहे: हेपटायटिस बी असताना या गोळ्या अचानक थांबवल्या, तर यकृताचा आजार उफाळू शकतो. गरजेपुरती घ्यायची २-१-१ पद्धत, म्हणजे संबंधाआधी २ ते २४ तासांत दोन गोळ्या आणि पहिल्या मात्रेनंतर २४ व ४८ तासांनी एकेक, ही पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी आहे. हेपटायटिस बी असलेल्यांनी ती वापरू नये, आणि योनिमार्गाच्या संबंधांसाठीही ती लागू होत नाही. उभयलैंगिक विद्यार्थ्यांनी हा फरक विशेष ध्यानात ठेवावा.

प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीच्या एचआयव्ही चाचणीचा नकारात्मक निकाल संबंधानंतर ४५ दिवसांनी विश्वासार्ह मानला जातो. चौथ्या दिवशी चाचणी करून निर्धास्त होणारे बरेच असतात. पेप किंवा प्रेप घेत असल्यास हा हिशेब बदलतो आणि तो डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

फक्त स्त्रियांशीच संबंध असलेल्या विद्यार्थिनींना गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरज नाही, असे कधीकधी दवाखान्यातही सांगितले जाते. ते चुकीचे आहे. एचपीव्ही त्या संबंधांतूनही पसरतो.

इंग्लंडमधील लैंगिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जाता येते, तपासणी मोफत असते आणि संमतीशिवाय तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही माहिती दिली जात नाही. इतर देशांत ही व्यवस्था वेगळी असते. म्हणून ‘खर्च कोण भरते’ आणि ‘नोंद कुठे जाते’ हे दोन प्रश्न केंद्राला फोनवरच विचारावेत.

## टप्पा ८: घरच्यांना सांगणे, आणि सुट्टीत घरी जाणे

घरच्यांना सांगायलाच हवे असा नियम नाही. सांगायचे ठरवले तर शुल्काचा हप्ता भरून झाल्यावर, तीन महिन्यांची रक्कम खात्यात असताना आणि तुम्ही स्वतः परदेशातच असताना सांगावे. सुट्टीत घरी गेल्यावर सांगितले, तर पासपोर्ट आणि परतीचे तिकीट ज्या घरात आहे त्याच घरात पुढचे आठवडे काढावे लागतात.

घरी जाण्याआधी व्हिसावर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे का ते पाहावे, परतीचे तिकीट आधीच काढावे, फोनमधील खाती आवरावीत, आणि विद्यापीठातील एका मित्राला परतण्याची तारीख देऊन ‘त्या दिवशी आलो नाही तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळव’ असे सांगून ठेवावे. विवाहासाठी दबाव येईल अशी शंका असेल, तर तीही त्या कार्यालयाला निघण्यापूर्वी सांगावी. नंतर दुसऱ्या देशातून मदत करणे त्यांनाही अवघड जाते.

घरून पैसे थांबले, तर आधी वर्गात जाणे थांबवून मग मदत मागायला जाऊ नये. विद्यार्थी व्हिसा नोंदणीवर टिकून असतो, त्यामुळे शुल्क थकण्याच्या आधी कार्यालयात जाऊन हप्ते, अडचणनिधी किंवा अभ्यासक्रमातील तात्पुरती विश्रांती यांविषयी विचारावे. विश्रांतीचा व्हिसावर काय परिणाम होतो ते लेखी घ्यावे. कामाचे तास वाढवून भरपाई करताना मर्यादा ओलांडू नये: सत्र चालू असताना ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमासाठी साधारण आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास.

मायदेशी परतणे खरोखरच असुरक्षित झाले, तर आश्रयाचा विचार येतो. तो अर्ज करण्याआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला भेटावे, कारण विद्यार्थी व्हिसावर आणि पुढे मायदेशी जाण्यावर त्याचे परिणाम होतात आणि काही देशांत अर्जाला मुदत असते. अमेरिकेत ती सर्वसाधारणपणे आल्यापासून एक वर्षाची आहे.

## टप्पा ९: त्रास झाला तर

त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण, उच्चारलेले शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत. मग तक्रार करायची की नाही ते शांतपणे ठरवावे. नोंद असली तर तो पर्याय उघडा राहतो. विद्यापीठाकडे तक्रार आणि पोलिसांकडे तक्रार या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि एक निवडली म्हणून दुसरी बंद होत नाही. रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवा असेल तर अमेरिकेत पंचवीस वर्षांखालील तरुणांसाठी द ट्रेव्हर प्रोजेक्टची सेवा चोवीस तास चालू असते. ब्रिटनमध्ये स्विचबोर्ड आणि ऑस्ट्रेलियात क्यूलाइफ या सेवा ठरलेल्या वेळांत उपलब्ध असतात. तिन्ही ठिकाणी तुम्हाला नाव सांगावे लागत नाही.

## टप्पा १०: नाते जुळले तर कागद पहिल्या दिवसापासून

अभ्यासक्रम संपत आला की जोडीदारासोबत राहण्यासाठीच्या व्हिसाचा विचार सुरू होतो, आणि तेव्हा लक्षात येते की दोन वर्षे एका घरात काढूनही दोघांच्या नावाचा एकही कागद नाही. गुप्तता जपण्यासाठी केलेली काटकसर इथे आड येते. कॅनडात विवाहाशिवायच्या जोडीदाराला मान्यता मिळण्यासाठी सलग १२ महिने एकत्र राहिल्याचे दाखवावे लागते. इतर देशांच्या अटी वेगळ्या आहेत, पण पुरावा सगळीकडे कागदाचाच लागतो. तेव्हा भाडेकरारावर दोघांची नावे घालावीत, वीजबिल एकाच्या आणि इंटरनेटचे बिल दुसऱ्याच्या नावावर त्याच पत्त्यावर ठेवावे, आणि एकत्र प्रवासाची तिकिटे जपून ठेवावीत. हे सर्व दुसऱ्या टप्प्यात उघडलेल्या, फक्त तुम्हाला पासवर्ड ठाऊक असलेल्या खात्यात महिन्यागणिक साठवत जावे.